पोच, सूची आणि इतिहास : ठाण्याच्या संदर्भात मराठी वृत्तपत्राभ्यासाचा विचार

१

मराठी नियतकालिकांच्या अखेरच्या पानांवर ‘साभार पोच’ या मथळ्याखाली चार-दोन ओळींचा मजकूर असतो. ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, मूल्य एवढाच त्याचा विस्तार. समीक्षेच्या व्यवहारात या मजकुराला प्रतिष्ठा नाही. ज्या ग्रंथावर अभिप्राय लिहायला जागा, वेळ किंवा इच्छा नसते त्याची बोळवण ‘पोच’ देऊन केली जाते, असाच सर्वसाधारण समज आहे. परंतु एखादी अभ्यासशाखा स्वतःविषयीची वार्ता स्वतःला कशी कळविते, असा प्रश्न उपस्थित केला की या उपेक्षित मजकुराचे स्थान बदलते. नवे काय प्रसिद्ध झाले, कोणी केले, ते कोठे पाहावयास मिळेल, ही माहिती ज्या समूहात नियमाने फिरते तो समूह अभ्यासकांचा समाज होतो. जेथे ती फिरत नाही तेथे अभ्यासक असतात, समाज नसतो.

वृत्तपत्रे आणि संज्ञापन यांच्या अभ्यासाच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. जागतिक पातळीवर या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५७ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने स्थापन झाली. अधिवेशने, वार्तापत्रे आणि नव्या प्रकाशनांच्या नोंदी यांतून तिचा व्यवहार आकाराला आला. मराठीत वृत्तपत्रांच्या अभ्यासाची परंपरा यापेक्षा जुनी आहे. परंतु ती विद्यापीठीय विभागांत किंवा संघटनेत वाढली नाही. ती वाढली ग्रंथसंग्रहालयांत आणि सूचिकारांच्या टिपणवह्यांत. या परंपरेत सूची ही संशोधनाची पूर्वतयारी नव्हती, तर सूची हेच बहुतांशी संशोधन होते. याचे लाभ मोठे आहेत; त्याची किंमतही मोजावी लागली आहे. त्या किमतीचा अंदाज घेण्यासाठी ठाणे आणि कल्याण या परिसराइतके उपयुक्त उदाहरण क्वचित सापडेल.

२

मराठी प्रकाशनांची पहिली पद्धतशीर नोंद मराठी वाचकांसाठी झाली नाही. ती राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी झाली. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने छापखान्यांची आणि ग्रंथांची नोंद सक्तीची केली. या कायद्याच्या अठराव्या कलमान्वये ग्रंथाची भाषा, कर्ता, विषय, मुद्रणाचे व प्रकाशनाचे स्थळ, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, छापलेल्या प्रतींची संख्या, मुद्रित की शिळाछापाचा, किंमत, हक्काचा मालक अशी कलमवार टिपणे ठेवली जाऊ लागली आणि ती दर तिमाहीस सरकारी गॅझेटात प्रसिद्ध होऊ लागली. वृत्तपत्रांसाठी निराळी तरतूद होती : मुद्रक व प्रकाशक यांनी दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र करावे, एवढीच. १८६८ पासून मुंबई इलाख्यात देशी वृत्तपत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा देणारे गोपनीय साप्ताहिक प्रतिवृत्त सुरू झाले.

या दोन व्यवस्थांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. ग्रंथाची नोंद त्याच्या बाह्य लक्षणांनी होई. ग्रंथात काय म्हटले आहे याच्याशी सूचीला फारसे कर्तव्य नसे. वृत्तपत्राच्या बाबतीत नेमके उलट घडले. तेथे सरकारला मजकुराशी, त्यातही संशयास्पद मजकुराशी, कर्तव्य होते. अंकाच्या देहाशी नव्हते. परिणामी ग्रंथ आपल्या देहानिशी नोंदला गेला, तर वृत्तपत्र आपल्या निवडक, अनुवादित आणि बहुधा संशयाने वाचलेल्या उताऱ्यांनिशी शिल्लक राहिले.

ठाण्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. मुंबईच्या बातम्या, मुंबईची टपाल आणि मुंबईची पत्रे काही तासांत ठाण्यास पोचू लागली. अशा गावी स्वतंत्र वृत्तपत्राची गरज कमी व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात काशिनाथ विष्णु फडके यांनी १८६६ मध्ये ठाण्यातून ‘अरुणोदय’ हे साप्ताहिक सुरू केले, आणि ते चार दशकांहून अधिक काळ टिकले. अठराशे सत्तरच्या दशकात ‘हिंदुपंच’ हे विनोदी पत्रही ठाण्यातूनच निघू लागले. जिल्ह्याचे ठिकाण, कचेऱ्या, वकील, शिक्षक, कारकून आणि कोकणच्या खेड्यांशी असलेला संबंध यांतून तयार झालेला वाचकवर्ग मुंबईच्या पत्रांत स्वतःला पूर्णपणे पाहू शकत नव्हता, असे अनुमान यावरून करता येते.

परंतु हे अनुमान पडताळावयाचे कशाच्या आधारे? आज ‘अरुणोदया’चा परिचय होतो तो मुख्यतः वृत्तपत्रांच्या इतिहासग्रंथांतील परिच्छेदांतून, सरकारी प्रतिवृत्तांतील गोषवाऱ्यांतून आणि १९०८ मधील राजद्रोहाच्या खटल्यातून. ‘हिंदुपंचा’चे नाव पुढे येते ते १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यावर केलेल्या अब्रुनुकसानीच्या फिर्यादीमुळे. म्हणजे ज्या क्षणी पत्र न्यायालयात उभे राहिले त्या क्षणी ते इतिहासात शिरले. त्यापूर्वीच्या चार दशकांत आठवड्यामागून आठवडा छापलेला मजकूर, अर्थात बाजारभाव, बदल्या, पाऊसपाणी, नाटकांच्या जाहिराती, वाचकांची पत्रे आणि नव्या पुस्तकांच्या पोची, हा या चित्रात जवळजवळ नाही. विरोधी साक्षीदाराच्या जबानीवरून माणसाचे चरित्र लिहावे तसे हे आहे. जबानी खोटी नसते. ती केवळ एका प्रश्नाला दिलेले उत्तर असते.

३

सरकारी नोंदीला पर्याय म्हणून जी संस्था उभी राहिली ती ग्रंथालय होय. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, म्हणजे ‘अरुणोदया’च्याही आधीचे. अशा वाचनालयांचा मूळ हेतू संग्रह हा नव्हता. ताजी पत्रे आणि पुस्तके सभासदांना वाचावयास मिळावीत हा होता. वाचनालयाच्या मेजावरचे वृत्तपत्र हे दिवसाचे, फार तर आठवड्याचे धन असते. नवा अंक आला की जुन्याची किंमत रद्दीची होते. त्यामुळे वाचनालय हे वृत्तपत्राचे सर्वांत मोठे आश्रयस्थान आणि त्याच वेळी त्याच्या नाशाचे एक स्थान ठरले.

१ जून १८९३ रोजी ठाण्यात स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने या कल्पनेत मूलगामी बदल केला. विष्णु भास्कर पटवर्धन आणि विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेच्या नावातील दोन शब्द महत्त्वाचे आहेत : ‘मराठी’ आणि ‘संग्रहालय’. त्यापूर्वीची अनेक ग्रंथालये ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या धाटणीची होती. तेथे इंग्रजी पुस्तकांचा मान मोठा. येथे मात्र मराठीत छापलेले ते सर्व जतन करावे, ही प्रतिज्ञा होती. उत्तम तेवढे निवडावे असे नव्हे, तर छापले गेले ते ठेवावे, ही भूमिका अभिरुचीची नसून पुराव्याची आहे. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले आणि त्याच दिशेचा विस्तार झाला. योगायोग असा, की न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयीचे आपले प्रसिद्ध टिपण त्याच १८९८ मध्ये लिहिले. सरकारी नोंदींतील आकड्यांचा आधार घेऊन त्यांनी या वाङ्मयाचा ताळेबंद मांडला. सत्तेने स्वतःच्या गरजेसाठी तयार केलेल्या यादीतून एका समाजाने आपले आत्मचित्र वाचण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होय.

भावे यांच्या कार्यात या काळाचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही एकवटलेल्या दिसतात. व्यवसायाने मिठाचे व्यापारी असलेल्या या संशोधकाने ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून जुन्या मराठी वाङ्मयाचा पहिला विस्तृत इतिहास सिद्ध केला, आणि १९०३ पासून ‘महाराष्ट्र कवि’ या मासिकातून जुन्या काव्याच्या संहिता प्रसिद्ध केल्या. बाडांतील पोथी तिच्या पाठासह छापली पाहिजे, याची जाण त्यांना होती. परंतु ज्या गावी बसून ते हे लिहीत होते त्या गावचे साप्ताहिक तेव्हा तीस वर्षांचे झालेले होते. त्याच्या अंकांना मात्र ‘संहिते’चा दर्जा मिळाला नाही. हा भावे यांचा दोष म्हणता येणार नाही. वाङ्मय ही संकल्पनाच तेव्हा हस्तलिखिताकडून ग्रंथाकडे जात होती. तिच्या वाटेवर वृत्तपत्र लागत नव्हते. प्राचीन ते दुर्मिळ आणि म्हणून जपण्याजोगे, चालू ते विपुल आणि म्हणून टाकण्याजोगे, हे समीकरण त्या काळी सर्वमान्य होते. पुढे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आणि कोकणातील दमट हवा यांनी ते समीकरण उलटवले. शतकापूर्वीची पोथी सुस्थितीत राहिली. तीस वर्षांपूर्वीच्या वृत्तपत्राचा भुगा झाला.

४

विसाव्या शतकाच्या मध्यावर वृत्तपत्राभ्यासाला स्वतःचे ग्रंथ मिळाले. रा. गो. कानडे यांचा ‘मराठी नियतकालिकांचा इतिहास’ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या १८०० ते १९३७ या कालखंडावरील पहिल्या भागाने १९४४ च्या सुमारास, व १९३८ ते १९५० या काळावरील दुसऱ्या भागाने १९६१ मध्ये, मुद्रित मराठीचा नकाशा सिद्ध केला. वि. कृ. जोशी आणि रा. के. लेले यांचा ‘वृत्तपत्रांचा इतिहास’ १९५१ चा. अ. का. प्रियोळकर यांचा भारतातील मुद्रणकलेवरील इंग्रजी ग्रंथ १९५८ चा. दाते १९६४ मध्ये निवर्तले, त्यांच्यासह दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांनी सिद्ध केलेली १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतील नियतकालिकांची सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. लेले यांचा ‘मराठी वृत्तपत्रांचा इतिहास’ १९८४ मध्ये आला.

ही नामावली केवळ कालक्रमाने वाचली तर प्रगतीचे चित्र दिसते. तिच्यातील संज्ञांकडे पाहिले तर एक वाद दिसतो. कानडे ‘नियतकालिक’ म्हणतात, लेले ‘वृत्तपत्र’ म्हणतात. पहिल्या संज्ञेत मासिक, विनोदी पत्र, ज्ञातिपत्र, शास्त्रीय पत्रिका यांना समान प्रवेश आहे. दुसरीत राजकीय बातमी आणि मत यांना मध्यवर्ती स्थान मिळते. ‘हिंदुपंच’ पहिल्या चौकटीत सहज बसते, दुसरीत ते ‘केसरी’च्या काळातील एक अवांतर प्रकरण ठरण्याचा धोका राहतो. म्हणजे संज्ञा निवडताच इतिहासाचा नायक ठरतो. सूचिकाराने एकही विशेषण वापरले नाही तरी तो निवाडा करीत असतो. किंबहुना विशेषण नसल्यामुळे तो निवाडा अधिक परिणामकारक होतो.

यावर असा आक्षेप संभवतो, की सूची ही सामग्री होय आणि समीक्षा तिच्यानंतर सुरू होते. हा आक्षेप ‘आद्य’ या शब्दापाशी टिकत नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि त्यापासून मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ मानला जातो. परंतु १८२८ मधील ‘मुंबापुर वर्तमान’ या पत्राचा उल्लेख वृत्तपत्रांच्या इतिहासकारांनी नोंदविला आहे. त्याचा अंक मात्र उपलब्ध नाही. ज्याची केवळ वार्ता आहे, प्रत नाही, त्या पत्राला ‘आद्य’ म्हणावे की नाही? ‘दर्पणा’ला मान देताना इतिहासकार वस्तुतः एक तत्त्व स्वीकारतात : अस्तित्वाचा पुरावा उल्लेख हा नसून अंक हा होय. हे तत्त्व ठाण्याच्या, कल्याणच्या, कोकणातील लहान गावांच्या पत्रांना सुसंगतपणे लावले तर मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासातील किती नावे केवळ नावेच उरतील, याचा विचार व्हावयास हवा. नाव-साम्याची अडचणही येथेच उभी राहते. ‘अरुणोदय’ म्हटले की वाङ्मयाच्या अभ्यासकाला प्रथम आठवते ते बाबा पदमनजी यांचे आत्मचरित्र. सूचीतील वर्ग, स्थळ आणि वर्ष या तीन खुणा नसतील तर संदर्भाची गफलत अटळ आहे.

नाव संहितेत परत कसे येते, याचेही उदाहरण मराठीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला आणि अल्पकाळ चालला. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ मध्ये सुरू झाले. पत्राचे आयुष्य आणि खप हेच निकष मानले असते तर ही पत्रे ‘अरुणोदया’हूनही गौण ठरली असती. तसे घडले नाही, कारण त्या अंकांना आपले मानणारा वाचकवर्ग होता, गंगाधर पानतावणे यांच्यासारख्या अभ्यासकांनी पत्रकार आंबेडकर हा स्वतंत्र विषय म्हणून हाताळला, आणि १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने या पत्रांचे अंक एकत्रित स्वरूपात प्रसिद्ध केले. अंक मुद्रित स्वरूपात हाती आल्यावर अभ्यासाचे स्वरूप पालटले. पत्राच्या भूमिकेविषयी बोलण्याऐवजी त्याच्या भाषेविषयी, संबोधनाविषयी, सदरांच्या रचनेविषयी बोलता येऊ लागले. यावरून निष्कर्ष निघतो तो असा : वृत्तपत्राला सूचीतून इतिहासात आणणारी शक्ती त्याच्या जुनेपणात किंवा दीर्घायुष्यात नसते; त्याचा वारसा सांगणारा समूह कोणता, यात ती असते. ठाण्याच्या ‘अरुणोदया’ला चाळीस वर्षांचे आयुष्य लाभले, असा समूह लाभला नाही.

५

साठोत्तर काळात ललित वाङ्मयाच्या वार्तेची सोय झाली. १९६२ मध्ये ‘आलोचना’, १९६४ मध्ये ‘ललित’ निघाले. एकाने ग्रंथपरीक्षणाला गांभीर्य दिले, दुसऱ्याने नव्या पुस्तकांच्या बातमीला नियमितता दिली. कथा, कादंबरी, कविता यांच्या अभ्यासकाला नवे काय आले हे घरबसल्या कळू लागले. वृत्तपत्राभ्यासकाला असे व्यासपीठ मिळाले नाही. मराठी संशोधन मंडळाच्या पत्रिकेसारख्या ठिकाणी त्याच्या विषयाला जागा होती, पण ती पाहुण्याची. पुण्याच्या विद्यापीठात वृत्तपत्रविद्या विभाग १९६४ पासून आहे; मात्र अशा विभागांचा कल स्वाभाविकपणेच व्यवसायशिक्षणाकडे राहिला.

या उणिवेचा एक परिणाम भाषांतराच्या दिशेत दिसतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी प्रकाशनव्यवहारावरील एलन मॅकडोनाल्ड यांचा निबंध १९६८ मध्ये ‘एशियन सर्व्हे’त आला, वीणा नरेगल यांचा पश्चिम भारतातील भाषा, अभिजन आणि लोकवृत्त यांविषयीचा ग्रंथ २००१ मध्ये आला. युर्गेन हाबरमास यांच्या १९६२ मधील मूळ जर्मन ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये झाल्यावर ‘लोकवृत्त’ ही संकल्पना जगभर चर्चिली गेली, आणि मराठी वृत्तपत्रे हा तिच्या चर्चेचा एक विषय ठरला. ही चर्चा इंग्रजीत होते. तिचा कच्चा माल मात्र दाते, कानडे, लेले यांच्या परंपरेने मराठीत साठवलेला आहे. सिद्धान्त एका भाषेत आणि नोंद दुसऱ्या भाषेत, अशी ही विभागणी आहे. दोहोंमध्ये नियमित पोच नसेल तर सिद्धान्ताला आपला पुरावा किती तुटपुंजा आहे हे कळत नाही, आणि नोंदीला आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहोत हे उमगत नाही.

ठाणे व डोंबिवली यांनी साहित्यव्यवहाराचा मान या काळात पुरेपूर अनुभवला. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने ठाण्यात १९६०, १९८८ आणि २०१० मध्ये, तर डोंबिवलीत २०१७ मध्ये भरली. २०१० च्या संमेलनाचे अध्यक्ष उत्तम कांबळे हे संपादक होते, ही गोष्ट सूचक आहे. वृत्तपत्रकाराला साहित्यिक म्हणून अध्यक्षपद देण्याइतका मराठी वाङ्मयव्यवहार उदार झाला होता. वृत्तपत्राला वाङ्मयीन संहिता म्हणून जपण्याइतका मात्र तो झालेला नव्हता. माणसाचा गौरव करणे सोपे असते. त्याच्या आणि त्याच्या पूर्वसूरींच्या अंकांच्या संचिका बांधून ठेवणे खर्चाचे आणि नीरस काम असते.

६

हा प्रश्न आता केवळ गतकाळाचा राहिलेला नाही. १८६७ च्या कायद्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला. नोंदणीची जुनी, संशयावर उभारलेली चौकट त्याने सैल केली, हे स्वागतार्हच आहे. परंतु त्याच्या व्याख्येनुसार ग्रंथ नियतकालिकात मोडत नाही, आणि शास्त्रीय, तांत्रिक वा विद्याविषयक स्वरूपाची पत्रिकाही मोडत नाही. दीडशे वर्षे जी सत्ता शिळाछापाच्या चोपड्याचीही पृष्ठे मोजीत होती, तिने आता विद्याविषयक पत्रिका आपल्या नोंदीबाहेर ठेवली आहे. प्रकाशित ग्रंथांच्या आणि वृत्तपत्रांच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठविण्याविषयीचा १९५४ चा (आणि १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रांनाही लागू झालेला) कायदा आहेच. परंतु प्रत पोचणे आणि तिची वार्ता अभ्यासकापर्यंत पोचणे या दोन निराळ्या गोष्टी होत. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगे’वर पाहता येतात. पदव्युत्तर पातळीवरचे लघुप्रबंध, स्थानिक पत्रांच्या वर्धापनदिन-विशेषांकांतील आठवणी, छापखान्यांच्या हिशेबवह्या यांना तेवढाही आधार नाही.

वसाहतकालीन सत्तेला मराठीत काय छापले जाते हे जाणून घ्यावयाचे होते, कारण तिला भीती होती. भावे, पटवर्धन, दाते यांना ते जाणून घ्यावयाचे होते, कारण त्यांना त्याविषयी आपलेपणा होता. भीती आणि आपलेपणा या दोन्ही प्रेरणा मागे पडल्यावर नोंद कोणत्या प्रेरणेने व्हावी, हा या अभ्यासशाखेपुढचा खरा सैद्धान्तिक प्रश्न आहे. संगणकीय साठवणुकीने जागेची अडचण दूर केली असली तरी या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. काय साठवावे हे आधी कोणाला तरी वाटावे लागते.

ठाण्याच्या ‘अरुणोदया’ने आपल्या हयातीत कितीतरी नव्या पुस्तकांची पोच दिली असेल. त्याच्या स्वतःच्या अंकांची पोच कोणी दिली, याचे उत्तर सरकारी दुभाष्याचे कार्यालय आणि न्यायालय असे द्यावे लागते. सूचिकारांनी त्या नावाभोवती वर्ष, स्थळ आणि संपादक यांचे कुंपण घालून ते नाहीसे होऊ दिले नाही, हे त्यांचे ऋण मोठे आहे. त्या कुंपणाच्या आत मजकूर परत आणणे हे सूचीचे काम नव्हे. ते समीक्षेचे काम आहे, आणि त्याचा आरंभ जेथे जेथे एखादा सुटा अंक शिल्लक असेल तेथे तेथे त्याची साधी, अचूक, कलमवार पोच देण्यापासूनच होऊ शकतो.